आवाज कुठे येतो, ते ऐका

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत, तिकडे नेरूळ-खारघरला, टेनिस शिकणारी मुलं संध्याकाळी कोर्टवर दिसतात. आणि कोर्टाबाहेरून हाक येते, "जोरात मार!" ते ऐकून मूल मूठ आवळतं, खांदा ताठ करतं आणि रॅकेट उलट मंदावते. मूठ आवळली की मनगट अडकतं. पायांतून, कमरेतून आलेला वेग तिथेच अडतो.

म्हणून प्रशिक्षकांनो, आधी चेंडू बाजूला ठेवा. रॅकेट उलटी धरायला लावा, हँडल बाहेरच्या टोकाला. आता फोरहँडचा, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायच्या फटक्याचा, स्विंग घ्यायला सांगा आणि कान द्या. हवा कापल्याचा 'सूंऽऽ' आवाज कुठे येतो? बऱ्याच मुलांचा तो अंगाच्या मागेच येतो. म्हणजे चेंडू भेटण्याआधीच वेग खर्च झाला. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा आवाज डाव्या पायाच्या थोडा पुढे आला पाहिजे. दहा-बारा स्विंग पुरेत, मग रॅकेट सरळ धरून तेच.

आवाज मागेच राहत असेल तर क्रम तपासा. खांदे वळले, भार मागच्या पायावर आला, त्या पायाने जमीन ढकलली, कंबर फिरली, मग खांदा, मग हात, सर्वांत शेवटी रॅकेट. कंबर फिरताना रॅकेट क्षणभर मागे रेंगाळायला हवी. हात आधी निघाला की सगळा भार दंडावर आणि कोपरावर पडतो. पकड किती घट्ट? दहापैकी तीन-चार, एवढीच.

आपल्या दमट हवेत हे अवघड जातं. घामाने हँडल निसटतं, म्हणून मुलं नकळत आवळतात. ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळायची पातळ पट्टी, गुळगुळीत झाली की लगेच बदला, टॉवेल जवळ ठेवा. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांची २७ इंची रॅकेट तर देऊच नका. त्याला २३ किंवा २५ इंची हवी.

मग चेंडू आणा. नेट मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच असते. त्याच्याही मीटरभर वरून चेंडू न्यायला सांगा. पहिले काही चेंडू बाहेर जातील. इथे "हळू मार" म्हणू नका, कारण मूल वेगच सोडून देईल. रॅकेट चेंडूच्या खालून वर घासत नेली की टॉपस्पिन मिळतो, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने गरगरत लवकर खाली वळतो, आणि त्याच वेगाने मारलेला चेंडू आत पडतो.

सर्व्हिसलाही हीच कानाची परीक्षा, फक्त आवाज डोक्याच्या वर, किंचित पुढे. पावसात कोर्ट ओलं असेल तर उलट्या रॅकेटचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो. चारही बाजूंना दोन मीटर मोकळी जागा आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.