केल्व्हिनसाहेबांचा शिलिंग

नमस्कार श्रोतेहो. आज आपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणार आहोत. गावाचं नाव बोर्नमथ. पाइनची झाडं, वाळूचे उंच कडे आणि खाली लांबच लांब पुळण. राणी व्हिक्टोरियाच्या काळात डॉक्टर छातीच्या रोग्यांना इथं हवापालटाला धाडायचे, आपल्याकडे पाचगणीला धाडत तसंच. या गावातल्या विद्यापीठाबद्दल मला बोलायचं आहे.

‘गावातल्या’ असं म्हणालो खरा, पण तिथंच गंमत आहे. विद्यापीठाचं नाव बोर्नमथ आणि त्याचा मुख्य कॅम्पस, टॅल्बट कॅम्पस, शेजारच्या पूल गावाच्या हद्दीत. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे बरं का, गावाचंच नाव पूल. तर नाव बोर्नमथचं, जमीन पूलची. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २०१९ साली बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च या तिघांची मिळून एकच कौन्सिल झाली, त्यामुळे आता भांडायला कुणी उरलं नाही. आपल्या पिंपरी आणि चिंचवडनं हे केव्हाच उरकलं होतं.

विद्यापीठ तसं कोवळं. १९७६ साली ‘डॉर्सेट इन्स्टिट्यूट’, १९९० मध्ये पॉलिटेक्निक आणि अवघ्या दोन वर्षांत, १९९२ साली, विद्यापीठ. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की डिप्लोमा डोळ्यांपुढे येतो. तिथं तसं नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये पदवीचं शिक्षण मिळायचं, पण पदवीवर शिक्का बाहेरच्या एका मंडळाचा. स्वयंपाक तुमचा, वाढणारा दुसराच. १९९२ च्या कायद्यानं पॉलिटेक्निकना स्वतःची पदवी द्यायची मुभा मिळाली आणि देशभरातल्या तीसेक फाटकांवरच्या पाट्या बदलल्या. मास्तर तेच, बाकं तीच. तेव्हापासून या मंडळींना ‘पोस्ट-नाइन्टीटू’ म्हणतात आणि म्हणताना काही जणांचं नाक किंचित वर जातं. आपल्याकडे अमुक कॉलेजचा का, असं विचारताना जातं ना, तसंच. मला स्वतःला संगमरवरी कमानींच्या विद्यापीठांपेक्षा जिथं मुलं दुपारी जिन्यात बसून डबा खातात ती विद्यापीठं जास्त आवडतात. असो.

तर या विद्यापीठात नर्सिंग आहे, पर्यटन आहे आणि रेडिओ, टीव्ही, ॲनिमेशनही आहे. आणि रेडिओचं नाव निघालं की, श्रोतेहो, मला राहवत नाही.

साल १८९८. म्हणजे हे विद्यापीठ व्हायला अजून ९४ वर्षं होती. गुलिएल्मो मार्कोनी नावाचा २४ वर्षांचा इटालियन तरुण. पदवी नाही, कुठल्या विद्यापीठात रीतसर शिकलेला नाही. त्यानं बोर्नमथच्या कड्यावर, मदीरा हाउसमध्ये, आपलं यंत्र मांडलं. दुसरं यंत्र समुद्रापलीकडे, आइल ऑफ वाइट बेटावर, ॲलम बे इथल्या हॉटेलात. मध्ये सुमारे १४ मैल. तार नाही, खांब नाही, काही नाही.

निरोप टिपायचा कसा? काचेची एक चिमुकली नळी, तिच्यात निकेलचा आणि थोडा चांदीचा कीस. रेडिओलहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा, वीज वाहायची आणि कागदाच्या पट्टीवर ठिपका किंवा रेघ उमटायची. मग एक छोटी हातोडी त्या नळीवर टिचकी मारायची, की कीस पुन्हा मोकळा. पावसाळ्यात मिठाची बाटली आपण टिचकी मारून मोकळी करतो ना? बिनतारी संदेशाचं सगळं गुपित त्या टिचकीत होतं.

३ जून १८९८. ॲलम बेच्या त्या खोलीत पाहुणे आले लॉर्ड केल्व्हिन. वय ७३, ग्लासगो विद्यापीठात ५२ वर्षं भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विद्यापीठ १४५१ सालचं! अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्यात यांचा मोठा वाटा, म्हणजे तारेचे पक्के माणूस. ‘बिनतारी वगैरे ठीक आहे, पण त्यापेक्षा मी तट्टावर बसवून पोरगा धाडीन’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या नावावर सांगतात. त्या दिवशी मात्र त्यांनी ग्लासगोच्या आपल्या प्रयोगशाळेला निरोप पाठवला. ब्लाइदला सांग, हा निरोप ॲलम बेहून बोर्नमथपर्यंत ईथरमधून (लहरी ज्यातून जातात असं तेव्हा मानत, त्या अदृश्य माध्यमातून) आणि तिथून पोस्टाच्या तारेनं आला आहे, आणि तोही व्यापारी रीतीनं. शेवटचे दोन शब्द ऐकलेत? व्यापारी रीतीनं. कारण निरोप गेल्यावर केल्व्हिनसाहेबांनी खिशात हात घातला. पैसे घ्या म्हणाले. एक शिलिंग.

आता मेख अशी, की इंग्लंडात पैसे घेऊन तार पाठवायचा हक्क तेव्हा फक्त पोस्टखात्याचा. म्हाताऱ्यानं तो शिलिंग हट्टानं दिला. बिनतारी निरोपाचे जगात मोजलेले ते पहिले पैसे. ५२ वर्षं प्राध्यापकी केलेल्यानं, पदवी नसलेल्या पोराला दिलेले. आणि १४५१ सालच्या विद्यापीठाचा निरोप उतरून घेतला कुणी, तर विद्यापीठ नसलेल्या बोर्नमथनं.

पुढे काय झालं? मार्कोनीचं मदीरावाल्यांशी पैशांवरून बिनसलं. त्याच वर्षी त्यानं लहरींसाठी उभारलेला उंच खांब उतरवला, पेट्या बांधल्या आणि तो गेला कुठं? पूलच्या हद्दीत! सॅंडबँक्सच्या हेवन हॉटेलात. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो. सुरुवात बोर्नमथला, बस्तान पूलला. विद्यापीठानंही पुढे तेच केलं.

जाता जाता, १९२७ साली मार्कोनीच्या बीम पद्धतीनं, म्हणजे लहरी एकाच दिशेला झोतासारख्या सोडून, विलायतेशी हिंदुस्थानची बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा पाठवायचं केंद्र होतं खडकीला आणि घ्यायचं दौंडला. दौंड जंक्शनवर चहा पीत गाडीची वाट पाहिलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

विद्यापीठाबद्दल आणखी बरंच सांगायचं होतं, घड्याळ मात्र पुढे पळालंय. एवढं सांगतो, ॲनिमेशनचं त्यांचं केंद्र १९८९ पासूनचं, म्हणजे विद्यापीठापेक्षा थोरलं. तिथली मुलं लंडनच्या स्टुडिओंत शिरली आणि त्यांतल्या काही स्टुडिओंच्या शाखा आता आपल्या मुंबईत आहेत. शिवाय ‘सँडविच’ पद्धत: मधलं एक वर्ष वर्ग बंद, नोकरी चालू, मग परत शेवटचं वर्ष. कुणाचा मुलगा किंवा मुलगी जाणार असेल, तर हे मधलं वर्ष आधी नीट विचारून घ्या. पुन्हा सांगतो, मधलं वर्ष आधी विचारा. आणि टॅल्बट कॅम्पसला कागदपत्रं पाठवताना पत्त्यात गाव ‘पूल’ लिहा हो.

नमस्कार.