काळी तीनपासून

(दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरीतली गल्ली. तिन्हीसांज. पहिल्या मजल्यावरची उघडी खिडकी.)

राजारामपुरीतल्या या गल्लीत संध्याकाळी गाड्यांच्या हॉर्नमधूनही पियानो ऐकू येतो. वाजवणारं मूल नवं आहे, हे दोन मिनिटांत कळतं. शिकवणारे सर मात्र मूळचे पेटीवाले. लहानपणी भजनाला साथ, मग नाटकांना, मग ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर. पियानो घरी आला तोवर पंचेचाळिशी गाठली होती. जुना, मुंबईहून टेम्पोत घालून आणलेला. पहिल्या दिवशी बसले आणि अर्ध्या तासात त्यांना कळलं, आपल्याला यातलं काही येत नाही.

पट्ट्या तर त्याच होत्या. मग?

(दृश्य: पेटीची पट्टी. मग पियानोचं झाकण उघडून आतला हातोडा.)

पेटीची पट्टी म्हणजे दार. दाबली की उघडतं आणि हवा सुरातून जाते. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज तोच. लहानमोठा करायचा तो भात्यानं. पियानोची पट्टी म्हणजे तरफ. तिच्यामुळं आतला हातोडा उडतो आणि तो तारेवर किती वेगानं आदळतो, त्यावर सगळं ठरतं. त्यातही गंमत अशी, की तारेला लागायच्या किंचित आधी हातोडा पट्टीपासून सुटतो. पुढं वाजवणाऱ्याच्या हातात काही नाही. पट्टी खाली जाते ती जेमतेम दहा मिलिमीटर. काय करायचं ते तेवढ्यात.

तेवढ्यात ते बोटानं करायचं, मनगटानं करायचं, की थेट खांद्यापासून? युरोपात पियानो शिकवणारे यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. आजही पुरतं मिटलेलं नाही.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं पियानो घडवला, तेव्हा त्यासाठी वेगळं शिक्षण असं नव्हतंच. जुन्या पट्टीवाद्यांवरचेच हात इकडं आले. १७५३ मध्ये कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखनं, म्हणजे थोरल्या बाखच्या मुलानं, पट्टीवाद्यांच्या वादनावर ग्रंथ लिहिला आणि अंगठ्याला त्याची जागा दिली. त्याआधी भलेभले वादक अंगठा शक्यतो बाजूलाच ठेवत. पुढं व्हिएन्नात दहाएक वर्षांचा कार्ल चेर्नी बेथोव्हेनकडं शिकायला गेला, तेव्हा बेथोव्हेननं त्याच्या वडिलांना पहिल्यांदा हाच ग्रंथ आणायला सांगितला. चेर्नीकडं लिस्ट शिकला, लेशेटिझ्की शिकला. लेशेटिझ्कीकडं पादेरेव्हस्की आणि श्नाबेल. सगळे नावाजलेले पियानोवादक. लेशेटिझ्कीकडं नवा विद्यार्थी आला की आधी जुन्या शिष्यांच्या हाताखाली जायचा, तिथं हात बसला की मग गुरुजींसमोर. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, कोल्हापुरात, हे समजावून सांगायची गरज नाही. याला आपण घराणं म्हणतो.

(दृश्य: गंगावेशीतली तालीम. लाल माती, जोर काढणारी पोरं.)

कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी माती आठवते, नंतर गाणं. एकोणिसाव्या शतकातल्या पियानो शिक्षकांना हा शब्द फार आवडला असता. चेर्नीनं व्यायामाच्या वह्यांवर वह्या लिहिल्या. त्याच्या रचनांचे क्रमांक आठशेच्या पुढं जातात. १८७३ मध्ये फ्रान्समध्ये हॅननचे साठ व्यायाम आले. निव्वळ जोर-बैठका! आपल्या अलंकार-पलट्यांसारखेच: एक आकृती घ्यायची, एकेक सूर वर सरकवत न्यायची. हेतू एकच, पाचही बोटं सारख्या ताकदीची करायची.

काहींना तेवढ्यानं भागेना. योहान बर्नहार्ड लोजिए या पियानो शिक्षकानं १८१४ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. पट्ट्यांसमोर दोन दांड्या, त्यांच्यामध्ये मनगट अडकवायचं, प्रत्येक बोटाला स्वतंत्र खाचा. हात हलायचाच नाही, फक्त बोटं हलणार. खूळ चांगलंच पसरलं. या लोजिएचं एक मात्र मान्य करावं लागेल: एका खोलीत अनेक पियानो मांडून मुलांना एकत्र शिकवायची वाट त्यानं दाखवली. संगीतकार शूमाननं बोटं तयार करण्याच्या नादात उजवा हात निकामी करून घेतला. यंत्रामुळं की आणखी कशामुळं यावर वाद आहे, पण वादक म्हणून तो संपला.

आणि त्याच काळात पॅरिसमध्ये एक माणूस अगदी उलटं शिकवत होता.

(दृश्य: सरांचा हात, वरून. पाच बोटं पट्ट्यांवर.)

तो संगीतकार शोपँ. तो म्हणायचा, बोटं सारखी नाहीतच, मग सारखी करता कशाला? प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे, तो वापरा. शिष्याचा हात तो असा ठेवायला लावायचा: अंगठा पांढरी तीनवर, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, मग तशीच काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं पांढऱ्यांवर. करून बघा, हात आपोआप विसावतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सरगम वाचायला सोपी म्हणून जगभर पहिली शिकवतात. हातासाठी तीच सगळ्यात अवघड, म्हणून शोपँ ती शेवटी ठेवायचा. शिक्षणपद्धतीवर त्यानं लिहायला घेतलं होतं, ते अपुरंच राहिलं. १८४९ मध्ये तो गेला.

दरम्यान पियानो बदलला. लाकडी सांगाड्याच्या जागी ओतीव लोखंड आलं, तारा जाड झाल्या, त्यांचा ताण वाढला, पट्ट्या जड झाल्या. नुसत्या बोटांनी रेटणारे थकायला लागले, हात दुखवून घ्यायला लागले. बर्लिनमध्ये लुडविग डेप्पे सांगायला लागला, की हाताचं वजन आहे ना, ते वापरा. अमेरिकेहून आलेली एमी फे बड्या-बड्यांकडं शिकली, लिस्टकडंसुद्धा, आणि डेप्पेकडं येऊन तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मग १९०३ मध्ये लंडनच्या टोबायस मॅथेचा ग्रंथ आला, १९०५ मध्ये जर्मनीत ब्राइटहाउप्टचा. बोटाचं राज्य संपलं, खांद्याचं सुरू झालं. लंबक दुसऱ्या टोकाला गेला तो इतका, की काही जण बोटं हलवायचीच विसरले.

साधारण याच सुमारास, याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढत होते. गुरूच्या घरी राहून शिकायचं गाणं वर्गात आणलं, त्याचे धडे पाडले, पुस्तकं छापली. छापील धड्यानं कलावंत घडतो का, ही कुरकूर तेव्हाही झाली. चेर्नीच्या वह्यांबद्दलही तीच होते. माझं मत विचाराल तर, ज्याच्या गल्लीत गुरू नाही त्याला वहीच बरी.

(दृश्य: क्लास. नऊ वर्षांची मुलगी. कोपऱ्यात तिची पेटी.)

सर पुस्तक लगेच उघडत नाहीत. सुरुवात काळी तीनपासून. तिला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा: सा, रे, ग, प, ध. भूप! एकही पांढरी पट्टी लागत नाही. मुलीला भूप पेटीवर येतोच, त्यामुळं डोकं सुरात अडकत नाही, लक्ष हाताकडं राहतं.

“आपटू नको गं. हात पडू दे की. झोपलेल्या मांजराचा पाय उचलून सोडला की कसा पडतो, तसा.”

ती सोडते. सूर गोल येतो. पुन्हा एकदा, आता हळू. पुन्हा, आणखी हळू. पेटीवर हे करायला भाता लागला असता.

सर खाली बघतात. तिचा डावा हात मांडीशेजारी मागंपुढं हलतोय.

“हा काय करतोय?”

मुलगी हाताकडं बघते आणि खुदकन हसते. “भाता मारतोय, सर.”