एकतीस, चाळीस, एकोणपन्नास

(दृश्य: व्हरायटी चौक, सकाळची गर्दी. कॅमेरा नंबर प्लेटच्या उंचीवर.)

बर्डीच्या व्हरायटी चौकात सिग्नल लाल झाला की समोरच्या गाड्यांचे नंबर बघा. एमएच ३१ नागपूर शहराचा, एमएच ४० ग्रामीणचा, एमएच ४९ पूर्व नागपूरचा. आरटीओने हे आकडे गणितासाठी दिलेले नाहीत, तरी विभाजकांचा, म्हणजे संख्येला बाकी न ठेवता भागणाऱ्या संख्यांचा, जवळपास सगळा धडा या तिघांत सापडतो.

(दृश्य: फळांची गाडी. फळीवर संत्री मांडणारे हात, अगदी जवळून.)

चाळीस संत्री सारख्या ओळींत मांडायची आहेत. एका ओळीत चाळीसही चालतील. दोन ओळी केल्या तर वीस-वीस, चार केल्या तर दहा-दहा, पाच केल्या तर आठ-आठ. तीन ओळींत एक संत्रं उरतं, सहा ओळींत चार उरतात, सातमध्ये पाच. आठ ओळी पुन्हा बरोबर जमतात, पण नीट बघा: ही पाच ओळींचीच मांडणी आहे, फक्त आडवी फिरवलेली.

विभाजक जोडीने येतात, सगळी किल्ली इथेच आहे. जोडीतला लहान विभाजक संख्येच्या वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. सहाचा वर्ग ३६, साताचा ४९. म्हणून चाळीससाठी सहापर्यंत तपासलं की काम संपलं. एकूण विभाजक आठ: १, २, ४, ५, ८, १०, २०, ४०.

४९ मध्ये साताची जोडी सातच. त्यामुळे विभाजक तीनच: १, ७, ४९. विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त वर्गसंख्यांची.

आता ३१. दोनने भागलं, एक उरला. तीनने भागलं, एक उरला. पाचने भागलं, पुन्हा एकच. चारने भागायची गरज नाही, कारण जे दोनने जात नाही ते चारने जाणार नाही. साताचा वर्ग ३१ च्या पुढे गेला, म्हणून थांबायचं. तीन भागाकारांत सिद्ध झालं: ३१ मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.

(दृश्य: फळा. खडूने ५१, ५७, ९१.)

मुलं हमखास फसतात ती इथे. तिन्ही दिसायला मूळ वाटतात, पण ५१ म्हणजे ३ गुणिले १७ आणि ५७ म्हणजे ३ गुणिले १९. अंकांची बेरीज केली असती तर लगेच कळलं असतं: बेरजेला तीनने भाग गेला की संख्येलाही जातो. दहाला तीनने भागल्यावर बाकी एक राहते, म्हणून ही कसोटी चालते. ९१ जास्त चकवतो, कारण तो या कसोटीतही सापडत नाही. साताची कसोटी लावा: शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. नवातून दोन गेले, सात उरले. म्हणजे ९१ ला सातने भाग जातो, सात गुणिले तेरा.

आणि १? तो मूळही नाही, संयुक्तही नाही. मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, एकाला एकच आहे.

पटींबद्दल एवढंच: विभाजक मोजून संपतात, पटी संपत नाहीत. समजा एक बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी दर १८. दोन्ही आत्ता एकत्र सुटल्या तर पुन्हा ३६ मिनिटांनी एकत्र सुटतील. नुसता गुणाकार करून २१६ लिहिणाऱ्याने दोघांतला सामाईक सहा दोनदा धरलेला असतो.

(दृश्य: पुन्हा सिग्नल. एका गाडीचे शेवटचे चार अंक: २०२१.)

हा तपासा. ४५ चा वर्ग २०२५, म्हणजे ४४ च्या आतल्या मूळ संख्या पुरतात. २, ३, ५, ७, ११, १३... एकानेही भाग जात नाही. १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, तरीही नाही. इथवर येऊन बहुतेक जण ‘मूळ’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण यादीत एक संख्या अजून शिल्लक आहे, ४३.

त्रेचाळीस गुणिले सत्तेचाळीस, बरोबर २०२१.