गाडी रात्री कुठं उभी राहते?

नमस्कार मंडळी. पुण्यात कुणी नवीन गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न येतोच, "ॲव्हरेज किती देते?" मला हा प्रश्न अगदी योग्य वाटतो, कारण आपल्याकडं कुठली गाडी चालणार आणि कुठली बंद होणार हे आजवर त्यानंच ठरवलंय.

आठवून बघा, २०१२ च्या आसपास डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांनी स्वस्त होतं, तेव्हा जो तो डिझेल गाडी बुक करायचा, दिवसाला दहा किलोमीटर फिरणारा माणूससुद्धा. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, फरक कमी होत गेला, एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले, धूर साफ करायची यंत्रणा छोट्या गाडीला परवडेना आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. फियाटचं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन, आपल्या रांजणगावलाही बनायचं, स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टामध्ये होतं, ते गेलं. आणि पुढं त्याच रांजणगावात टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन बनायला लागली.

आता हिशोब करू, कागद-पेन असेल तर घ्या. सिंहगड रोडवरून रोज हिंजवडीला जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ८८० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये आणि ट्रॅफिकमध्ये १५ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ७ रुपये, महिन्याला सहा हजारांच्या वर. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरा, साधारण चार रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवर, वरच्या स्लॅबचा १२ रुपये युनिट धरला आणि युनिटला ६ किलोमीटर गेली, तर दोन रुपये. महिन्याला पावणेदोन हजार.

पण यात एक शब्द आहे बघा, घरच्या मीटरवर. बाहेरच्या फास्ट चार्जरवर तोच युनिट वीस रुपयांच्या पुढं गेला की किलोमीटरला साडेतीन-चार रुपये होतात, म्हणजे सीएनजीच्या बरोबरीला आलात, वर गाडी महाग घेतली ते वेगळंच. म्हणून मी तर म्हणतो की ॲव्हरेजच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे की गाडी रात्री कुठं उभी राहते. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहणारा माणूस गाडी रस्त्यावर लावतो, आज पी-१ ला या बाजूला, उद्या पी-२ ला त्या बाजूला, त्यानं वायर कुठून आणायची सांगा?

आणि सोसायटीत सगळं सोपं असतं असंही नाही. आमच्या शेजारच्या काकांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागितला तर कमिटीनं आठ महिने लटकवलं, लोड (इमारतीला मंजूर असलेली वीज) पुरणार नाही, आग लागेल, सगळ्यांनीच मागितलं तर काय, आणि तोवर ते काका रात्री साडेदहाला बाहेर चार्जरच्या रांगेत. मला फार वाईट वाटायचं. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात नवीन इमारतींमध्ये निदान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं होतं, पण पुण्यातली बहुतेक माणसं जुन्या इमारतीत राहतात हो!

मग बाकीच्यांसाठी काय? सीएनजी आहे, रिक्षावाल्यांनी तो कधीच पत्करलाय, आणि जुलै २०२४ मध्ये बजाजनं सीएनजीवर चालणारी मोटरसायकलही आणली. पण डिकीतली जागा सिलिंडर खातो, पंपावर रांग लागते, शिवाय आपला निम्मा गॅस बाहेरून येतो त्यामुळं भाव आपल्या हातात नाही.

इथेनॉल मात्र आपल्या बारामती-इंदापूरच्या उसातून येतं, कारखान्याला पैसा मिळतो आणि शेतकऱ्याचं बिल लवकर निघायची आशा वाढते, ही मोठी गोष्ट आहे. पण लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं पडणारच, जुन्या गाडीचं जास्त. आणि ऊस किती पाणी पितो हे उजनीकाठच्या माणसाला मी काय सांगणार. हायड्रोजनवरही पुण्यात काम झालंय, केपीआयटी ही इथली कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली फ्युएल सेल बस, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज करून चालणारी, ऑगस्ट २०२२ मध्ये इथंच दाखवली गेली, धुराड्यातून नुसतं पाणी. पण हायड्रोजन स्वस्तात बनवणं आणि प्रचंड दाबाखाली साठवणं जमेपर्यंत तो बस-ट्रकसाठी ठीक, तुमच्या-माझ्या कारसाठी मला तरी जवळ दिसत नाही.

तेव्हा शोरूमला जायच्या आधी एक करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, आपला मंजूर लोड किती आणि त्यातला वापरात किती. उत्तर नसेल तर पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय लेखी द्या, आणि एकट्यानं नको, चार सभासदांच्या सह्या घेऊन द्या. आमच्या काकांचा पॉइंट शेवटी तसाच बसला.