कॉर्नर कोण मिळवतं आणि कोण अडवतं

(पुण्यात संगणकावर हॉकी लीग खेळवणाऱ्या हौशी मंडळींसमोर, हंगामाच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आपल्या लीगचा हंगाम आता सुरू होईल. आठ संघ वाटून झालेत आणि याद्या गोठवल्यात. ऑक्टोबर 2024च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात ज्या संघाने ज्याला घेतलं, तो खेळाडू त्या संघात, असं आपण ठरवलं. पुढे खऱ्या लीगमध्ये फेरबदल झाले, पण आपल्यापुरती तीच यादी. आता प्रत्येक जण कोण जिंकणार ते विचारतोय. त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी संघ वाचायचा कसा ते सांगतो. यादीकडे पाहण्याची आपली सवयच चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे.

आपण काय करतो? यादी उघडली की डोळे आधी भावावर जातात. हरमनप्रीत सिंग 78 लाख, सूरमा. अभिषेक 72 लाख, बंगाल टायगर्स. हार्दिक सिंग 70 लाख, यूपी रुद्राज. गोन्झालो पेयात 68 लाख, हैदराबाद तूफान्स. यिप यान्सेन 54 लाख, तमिळनाडू ड्रॅगन्स. आणि लगेच ठरवून टाकतो की सूरमा भारी. पण लिलावातला भाव त्या दिवशी, त्या टेबलावर, त्या गरजेपोटी ठरलेला असतो. एका संघाच्या तिजोरीत चार कोटी, त्यात चोवीस माणसं बसवायची. दोन संघांना एकाच जागेसाठी एकच माणूस हवा असला की आकडा चढतो. आपले सामने खेळवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला या आकड्याचं काही देणंघेणं नाही. त्याला एवढंच कळतं की चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, किती वेळा गेला, त्यातून काय निघालं आणि समोरच्याने काय अडवलं.

म्हणून माझं म्हणणं असं की गोल कोणी मारला हे शेवटी बघा. आधी बघा कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्याची डीमध्ये चूक झाली, जसं चेंडू त्याच्या पायाला लागला, की मिळणारा पेनल्टी कॉर्नर, कोण मिळवतो, आणि समोरच्याचा कॉर्नर कोण अडवतो.

पॅरिस ऑलिम्पिकचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. 2024मध्ये भारताने एकूण 15 गोल केले, त्यातले 10 एकट्या हरमनप्रीतचे. सात पेनल्टी कॉर्नरवर, तीन पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोलरक्षक), मैदानी, म्हणजे चालत्या खेळातला, गोल एकही नाही. आता हे दहा गोल जसेच्या तसे हरमनप्रीतच्या नावापुढे गुण म्हणून भरले, तर प्रोग्रॅम असं धरून चालेल की हा माणूस कुठल्याही संघात गेला तरी तेवढेच गोल आणणार. पण ते सात कॉर्नर आभाळातून पडले नव्हते. कुणीतरी बेसलाइनवरून आत घुसलं, कुणीतरी बचावपटूच्या पायावर चेंडू नेमका मारला, कुणीतरी डीच्या टोकावर अंग मधे घालून चूक करायला लावली. त्या माणसांची नावं गोलांच्या तक्त्यात येत नाहीत. आपण खेळाडूंना गुण देताना ‘कॉर्नर मिळवणे’ हा रकाना वेगळा ठेवलाय तो यासाठीच, आणि तो भरताना आळस करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता सूरमाचंच उदाहरण जरा सावकाश घेऊ. हरमनप्रीत आहे आणि त्याच्या जोडीला जेरेमी हेवर्ड. हा ऑस्ट्रेलियन 2023च्या विश्वचषकात नऊ गोल करून सर्वांत पुढे होता. दोन अव्वल ड्रॅगफ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर स्टिकने चेंडू ओढून जोरात गोलात फेकणारे, एका संघात. पहिली प्रतिक्रिया अशी की दुसरा वायाच जाणार, कारण एका कॉर्नरला फ्लिक एकच जण मारतो. हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे, कारण त्यात नियमपुस्तकातला एक बारकावा सुटतो. हॉकीत बदली खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर करता येतात, पण पंचांनी पेनल्टी कॉर्नर दिला की तो पूर्ण होईपर्यंत बदल बंद. तुमचा फ्लिकर त्या क्षणी बाकावर पाणी पीत असेल तर तो आत येऊ शकत नाही, जो मैदानावर आहे त्यालाच मारावं लागतं. आता समजा हरमनप्रीत साठ मिनिटांपैकी पंचेचाळीस मिनिटं मैदानावर आहे. म्हणजे साधारण चौथा हिस्सा कॉर्नर त्याच्याविना पडणार. त्या वेळी हेवर्ड आत असेल तर सूरमाचं जवळपास काहीच बिघडत नाही. बाकीच्या संघांचं त्याच पंधरा मिनिटांत बरंच बिघडतं.

हे आकड्यात बसवून दाखवतो. समजा एका संघाला सामन्यात पाच कॉर्नर मिळतात. तीनातला एक घालणारा फ्लिकर असेल तर सामन्याला 1.67 गोल, चारातला एक घालणारा असेल तर 1.25. फरक अर्ध्या गोलाच्याही आत. पण साखळीत दहा सामने आहेत, तेवढ्यात हा फरक चार गोलांच्या पुढे जातो. आणि कॉर्नर पाचांऐवजी तीनच मिळाले, तर तो अव्वल फ्लिकरही सामन्याला एकाच गोलावर येतो, म्हणजे पाच कॉर्नर मिळवणाऱ्या संघाच्या साध्या फ्लिकरपेक्षाही खाली. मला काय म्हणायचंय ते इथे लख्ख दिसतं. त्यामुळे सूरमाच्या व्यवस्थापकाने फ्लिकरची चिंता सोडावी आणि मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादला चेंडू किती मिळतो याची चिंता करावी. शिवाय गोलात व्हिन्सेंट वानाश आहे. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकाला चकवून गोल करायच्या फेरीत, ऑस्ट्रेलियाला अडवून बेल्जियमला सुवर्ण मिळवून देणारा हाच. हा संघ वरच्या तिघांत असणार, यात मला शंका नाही.

आता अडवण्याची बाजू. इथे आपला प्रोग्रॅम आंधळा आहे असं मी गेले काही दिवस सांगतोय आणि आज जाहीरपणे सांगतो. कॉर्नर अडवायला गोलरक्षक धरून पाच जण असतात. त्यातला पहिला रशर चेंडू बेसलाइनवरून खेळात आला की फ्लिकरच्या अंगावर धावत जातो, तोंडावर मास्क, गुडघ्यांना पॅड, आणि समोरून दगडासारखा येणारा चेंडू. भारताकडे हे काम अमित रोहिदास करतो. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना भारताने दहा जणांनिशी 1-1 असा राखला आणि गोलरक्षक श्रीजेशच्या जोरावर शूटआउट 4-2 जिंकला. त्या लढतीवर आपण सगळे भरभरून बोलतो. पण पुढचा सामना आठवा. रोहिदास निलंबित, समोर जर्मनी, आणि अठराव्या मिनिटाला पेयातने कॉर्नरवर गोल घातला. भारत 2-3 हरला. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं मी म्हणणार नाही. पण ज्या प्रोग्रॅमला रोहिदास असण्या-नसण्याचा फरकच दिसत नाही, तो हॉकी खेळवत नाही. बचावफळीच्या सरासरीत त्याचं काम बुडून जातं. ‘पहिला रशर’ हा रकाना या हंगामापासून घालावा आणि समोरच्या फ्लिकरच्या यशाच्या प्रमाणातून तो वजा व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे.

हा रकाना आला की तमिळनाडू ड्रॅगन्स एकदम वर सरकतात. रोहिदास त्यांच्याकडे, गोलात डेव्हिड हार्ट, 2015 आणि 2016चा जगातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला आयरिश माणूस, आणि मारायला यान्सेन. म्हणजे कॉर्नरच्या दोन्ही टोकांना त्यांच्याकडे माणूस आहे. भावाच्या यादीत ते पाचव्या नावावर येतात, म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. माझं मत विचाराल तर या हंगामात सर्वांत कमी लेखला गेलेला संघ हाच.

बंगाल टायगर्सबद्दल फार बोलायला नको, कारण ते खऱ्या लीगच्या 2024-25च्या हंगामाचे विजेते. 1 फेब्रुवारी 2025ला राउरकेलात हैदराबादला 4-3 हरवलं. जुगराज सिंगची हॅट्‌ट्रिक आणि शेवटच्या टप्प्यात सॅम लेनचा विजयी गोल. जुगराज त्या हंगामात 12 गोल करून सगळ्यांच्या पुढे राहिला. मात्र एक सांगतो. त्यांच्याकडे 72 लाखांचा अभिषेक होता, तरी सर्वाधिक गोल 48 लाखांच्या फ्लिकरने केले. म्हणून अभिषेक महाग पडला का? मुळीच नाही. आघाडीला असा खेळाडू असला की दोन बचावपटू त्याच्यामागे जातात, त्यांचे पाय चेंडूच्या वाटेत येतात आणि कॉर्नर मिळतो. हाच अभिषेक पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध बाराव्या मिनिटाला गोल करून गेला आणि 1972नंतर पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये भारताने त्यांना हरवलं. त्याच्या नावापुढे गोल कमी दिसले म्हणून गुण कापू नका.

हैदराबादचं सगळं पेयातवर. रिओ ऑलिम्पिकमध्ये अर्जेंटिनासाठी 11 गोल आणि सुवर्ण, पुढे जर्मनीसाठी 2023च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक. त्याच्या हातात कॉर्नर गेला की बाकीचं सांगायला नको. पण तो बाकावर असतानाच्या मिनिटांत हैदराबाद काय करणार, याचं उत्तर त्यांच्या व्यवस्थापकाने अजून दिलेलं नाही.

कलिंग लान्सर्सकडे अलेक्झांडर हेंड्रिक्स आणि आर्थर वान डोरेन, गोलात कृष्ण पाठक. चांगला, समतोल संघ. रुद्राजकडे हार्दिक आहे, मधल्या फळीत त्याच्यासारखा चेंडू वाहून नेणारा दुसरा नाही, तेव्हा कॉर्नर मिळतील, घालणार कोण ते बघू. गोनासिकाकडे मनप्रीत आणि मनदीप, अनुभव भरपूर. दिल्ली पायपर्स मला खालच्या तिघांत दिसतात.

मधेच एक नियमाचा मुद्दा, कारण तो मतदानाला येणार आहे. 2016 आणि 2017च्या हंगामात हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोलाला दोन गोल धरत होते. तो नियम आपणही आणावा असं काहींचं म्हणणं आहे. माझा विरोध आहे. त्यात फ्लिकरची किंमत एका फटक्यात निम्मी होते, आणि गोठवलेल्या याद्या तर साध्या मोजणीच्या लिलावातून आल्यात. खेळाडू एका नियमाखाली विकत घ्यायचे आणि दुसऱ्या नियमाखाली खेळवायचे, हे न्यायाचं नाही. पुढच्या हंगामात आपण स्वतःचा लिलाव केला तर मी पहिला हात वर करीन.

आता भाकिताबद्दल. दहा सामन्यांचा हंगाम फार छोटा असतो, हे मनावर कोरून घ्या. ज्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 55 टक्के आहे, म्हणजे जो नक्की चांगला आहे, तोसुद्धा दहापैकी चार किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. दर चार हंगामांत एकदा चांगला संघ तोंडावर पडणार. तेव्हा प्रोग्रॅम बिघडलाय म्हणून ओरडा करायचा नाही. आणि उलटही खरं, 45 टक्क्यांचा संघ सहा सामने जिंकून मिरवेल, त्याला डोक्यावर घेऊ नका. म्हणून मी कुणालाही एक जागा देत नाही. सूरमा पहिला ते तिसरा. बंगाल पहिला ते चौथा. ड्रॅगन्स पहिला ते पाचवा. हैदराबाद दुसरा ते सहावा. कलिंग आणि रुद्राज तिसरा ते सातवा. गोनासिका चौथा ते आठवा, दिल्ली सहावा ते आठवा. ही पट्टी रुंद वाटेल, पण याहून अरुंद सांगणारा माणूस खात्री नसताना खात्री दाखवतोय.

पुण्यातल्या माणसाने कुणाच्या बाजूने बसायचं, असंही मला आल्या आल्या विचारलं गेलं. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. धनराज पिल्ले ज्या खडकीत जन्मला आणि वाढला, ती खडकी इथून हाकेच्या अंतरावर. 2012च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत आपला पुणे स्ट्रायकर्स संघ होता, अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि शेर-ए-पंजाबकडून 5-2 हरला. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. 2017ला दबंग मुंबई हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात होती. आणि आपल्या या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नाही. मला ते मनापासून खटकतं. पुढच्या लिलावात पुण्याचा नववा संघ असावा आणि तो स्ट्रायकर्सच्याच नावाने असावा, हा प्रस्ताव मी लेखी देणार आहे.

पहिल्या फेरीआधी प्रत्येक व्यवस्थापकाने तीन गोष्टी कागदावर द्यायच्या आहेत. पहिला आणि दुसरा फ्लिकर कोण, ते दोघे कुठल्या मिनिटांना बाकावर असतील, आणि पहिला रशर कोण. शूटआउटचे पाच जणही क्रमाने लिहा, कारण बरोबरी झाली की निकाल तिथेच लागणार, जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्याला एक. हैदराबादच्या व्यवस्थापकांना विशेष विनंती, तुमचा दुसरा फ्लिकर आजच कळवा. तुमचा सामना ड्रॅगन्सशी कधी आहे ते मी वेळापत्रकात पाहिलंय, आणि त्यांच्याकडे रोहिदास आहे.