आधी कोपराला विचारा

मघाशी एका मुलाने विचारलं, "सर, मी एका दमात ४० जोर मारतो, मग प्लँच का येत नाही?"

जोर मारताना पायांचे चवडे जमिनीवर असतात, म्हणजे जवळपास एक तृतीयांश वजन जमीनच पेलते. शिवाय कोपर वाकतं. प्लँचमध्ये पाय हवेत, अख्खं शरीर जमिनीला समांतर, फक्त दोन तळहातांवर, कोपर ताठ. आणि स्थिर धरण्याची ताकद ज्या कोनात कमवाल, मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास येते. जोर कितीही वाढवले तरी ती आपोआप मिळत नाही.

मग खेळ आहे तो अंतराचा. दोन्ही पायांचं वजन मिळून शरीराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. गुडघे छातीशी घेतले की वजन तेवढंच राहतं, पण ते खांद्यांच्या जवळ येतं आणि भार एकदम उतरतो. म्हणून आधी टक, म्हणजे गुडघे छातीशी घेतलेली स्थिती, मग पाठ सपाट करून अ‍ॅडव्हान्स्ड टक, मग पाय फाकवून स्ट्रॅडल, शेवटी पूर्ण. फ्रंट लिव्हरलाही, म्हणजे बारला ताठ हातांनी लटकून शरीर उताणं आडवं धरण्यालाही, हाच क्रम. फरक खांद्याच्या पात्यांचा: प्लँचमध्ये ती एकमेकींपासून लांब ढकलायची, फ्रंट लिव्हरमध्ये मागे ओढून खाली दाबायची.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम आलो, ते कोपर. हात ताठ ठेवून पुढे झुकलात की दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा, जी कोपर ओलांडून कोपराखालच्या हाडाला चिकटते, ती जबर ताणली जाते. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो काही आठवड्यांत जोर धरतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी. तिला महिनोन् महिने लागतात. म्हणजे एक वेळ अशी येते की दंड म्हणतो पुढे चल, आणि कंडरा अजून तयार नसते. मी नेमका तिथेच चुकलो. टक जेमतेम बसलं होतं आणि मी स्ट्रॅडलचा हट्ट धरला. नंतर चार महिने साधी पिशवी उचलतानाही कोपराच्या आत कळ यायची. ते चार महिने तुमचे जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

टक जास्तीत जास्त १५ सेकंद टिकत असेल तर सरावात ८ ते १० सेकंदच धरा. असे चार-पाच सेट, मध्ये तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, आठवड्यातून दोन-तीन दिवस. बाजूने व्हिडिओ काढा. कोपर वाकलेलं आपल्याला आतून कळतच नाही. वाकलं की सेट तिथेच संपला. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतसुद्धा रिंग्जवरची स्थिती २ सेकंद धरायची असते, तेव्हा तुमचे ८ सेकंद कमी समजू नका. आणि कोपराच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर एक पायरी खाली या, त्याच दिवशी.

मनगटं गरम करून घ्या. मघाशी विचारणारा मुलगा आधी येऊ दे. पाय जमिनीवरच ठेव, हात ताठ, खांदे जेवढे पुढे जातील तेवढेच जाऊ दे.