थंडीत एसी?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी भल्या पहाटे आम्ही सिंहगडाला निघालो. चालत चढायचं असं आदल्या रात्री ठरलं होतं. ते तसं दर वेळी ठरतं आणि पहाटे गाडीच निघते. पुढे मी आणि भाऊजी, मागे ताई, आमची ही आणि नात. स्वारगेटला पुढच्या ट्रकचा धूर नाकात गेला म्हणून मी बाहेरची हवा बंद करणारं बटण दाबलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "काचा वर घे रे, कानात वारं जातंय." घेतल्या. मग थर्मासमधला चहा निघाला, गप्पा रंगल्या.

खडकवासल्याला धरणाच्या कडेने जाताना समोरची काच पांढरी व्हायला लागली. मी तळव्याने पुसली, पुन्हा धरली, पुन्हा पुसली. समोरून आलेल्या गाडीचे दिवे त्या फराट्यांवर असे पसरले, की रस्ता कुठे आणि कठडा कुठे, काही कळेना. भाऊजी म्हणाले, "धुकं फार आहे आज. थांब जरा बाजूला." थांबलो, दार उघडून उतरलो, तर बाहेर लख्ख चांदणं! पलीकडच्या काठावरचे दिवेसुद्धा मोजता येत होते. धुकं होतं ते फक्त आमच्या गाडीत.

हे धुकं येतं कुठून? आपल्याच नाकातोंडातून आणि अंगातून. माणूस नुसता बसला तरी श्वास आणि त्वचा मिळून तासाला अंदाजे ३०-४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आम्ही पाच जण, म्हणजे तासाभरात दोन-तीन कटिंग चहाइतकं पाणी झालं. आता दुसरी बाजू बघा. २० अंशाची हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम बाष्प पोटात ठेवू शकते, १० अंशाची जेमतेम साडेनऊ. गाडीतली जागा धरा तीनेक घनमीटर. म्हणजे सगळ्या काचा बंद आणि त्या बटणाने बाहेरची हवाही बंद असताना अर्ध्या तासात आम्ही गाडीतली हवा तुडुंब भरली होती. त्या हवेचा थर बाहेरच्या गारव्याने थंड पडलेल्या काचेला टेकला, की जास्तीचं पाणी तिथेच थेंब होऊन बसतं. ज्या तापमानाला हे होतं त्याला दवबिंदू म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं आणि आपण त्या इमारतीला अजून शिमला ऑफिसच म्हणतो. तिथे रोज नोंदला जातो तोच हा दवबिंदू, आमच्या डॅशबोर्डवर अवतरलेला.

मी गाडीत बसलो, हवेचा रोख समोरच्या काचेकडे वळवला, स्वारगेटला दाबलेलं ते बाहेरच्या हवेचं बटण सोडवलं आणि एसी लावला. मागून लगेच आवाज आला, "अरे थंडीत एसी? डोकं ठिकाणावर आहे ना?" ताईचं चूक नव्हतं. एसी म्हणजे गारवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण एसी हवा गार करतो तशी ती वाळवतोही. आतल्या थंडगार नळ्यांवर हवेतलं पाणी धरतं, माठाच्या पाण्याने भरलेल्या तांब्यावर धरतं तसंच, आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं ते हेच. आता तापमानाची खुंटी लाल रंगाकडे फिरवली, की ही वाळलेली हवा गरम होऊन काचेवर येते. म्हणजे एसी आणि हीटर, दोन्ही एकाच वेळी. मिनिट-दोन मिनिटांत काच स्वच्छ झाली आणि ताईचे पायही शेकले. पेट्रोल थोडं जास्त जातं, हे खरं. घाटात तो हिशोब करू नये.

गाडीत एसी नसेल, तर समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं खाली घ्या आणि कानटोपी घाला. मागच्या काचेवर ती तापवणाऱ्या बारीक तारा असतील, तर त्यांचं बटण वेगळं असतं. त्या तारांवर खरखरीत काही घासू नका आणि देवाचे स्टिकरही त्यांच्यावर नकोत. काढताना तार तुटते.

पावसाळ्यात मात्र प्रकरण उलटं होतं. एसीने काच गार पडते, बाहेरची हवा दमट असते आणि वाफ बाहेरून धरते. वायपर फिरवून बघा. एका फेरीत साफ झालं तर ती बाहेरची. तेव्हा एसीचा झोत काचेवरून काढायचा.

रोजच, एकटे असतानाही काच धरत असेल, तर ओल गाडीतच कुठेतरी मुरलेली असते. माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजवाल्याने काचेचं सगळं रबर बदलायला लावलं. पैसे गेले, वाफ तशीच. शेवटी मीच डावीकडची रबरी मॅट उचलली, तर खालचं कार्पेट चिंब. एसीचं पाणी बाहेर काढणारी नळी मातीने तुंबली होती. ती साफ केली, कार्पेट गच्चीवर दोन दिवस वाळवलं आणि काम फत्ते. पण गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर चिकट थर धरत असेल, तर ते साधं पाणी नव्हे. हीटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय, गॅरेजच गाठा.

आणि तळव्याने पुसणं सोडा. हाताचा तेलकटपणा काचेला लागतो आणि वाफेला त्यावर बारीक थेंब धरून बसायला आयतं फावतं. आठवड्यातून एकदा आतली काच ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसली तरी खूप फरक पडतो.

बोटाने काढलेलं चित्रही त्या तेलामुळेच मागे राहतं. त्या पहाटे आमच्या नातीने मागच्या दाराच्या काचेवर एक मांजर काढली होती. एरवी ती दिसत नाही. थंडीत काच धरली की मिशांसकट उगवते, आणि ती काच तेवढी मी अजून पुसलेली नाही.